‘तेजी’ आली म्हणजे नेमके काय आले?

कुरकुंभच्या चौकात चहा घेताना ‘सध्या तेजी आहे’ हे वाक्य हमखास कानावर पडते. जागेचा दलाल ते म्हणतो, भंगारवाला म्हणतो आणि एमआयडीसीत फॅब्रिकेशनची कामे घेणारा कारागीरही म्हणतो. पण तिघांचा अर्थ एक नसतो. दलालाला भाव चढण्याची आशा असते, भंगारवाल्याचा दर खरोखर चढलेला असतो, तर कारागिराच्या हातात काम आलेले असते.

शब्दाचे मूळ फारसी ‘तेज’, म्हणजे धारदार, वेगवान. चपळ घोड्यालाही मराठीत तेजी म्हणत. ‘तट्टाला टुमणी, तेजीला इशारत’ ही म्हण त्याच घोड्याची. बाजारातली तेजीही नुसत्या इशाऱ्यावर धावते. इशारा खरा की खोटा, हे घोडा पाहत नाही. ते स्वाराने पाहायचे असते.

भाव वाढतील या भरवशावर माल धरून ठेवणारा तो तेजीवाला. म्हणजे तेजी हे आधी अपेक्षेचे नाव आहे, कमाईचे नव्हे. एप्रिल 1992 मध्ये सेन्सेक्स साडेचार हजारांच्या जवळ पोहोचला होता. बँकांचा पैसा गैरमार्गाने शेअरबाजारात आल्याचे त्याच महिन्यात उघड झाले आणि 28 एप्रिलला तो एका दिवसात पावणेतेरा टक्क्यांच्या आसपास कोसळला. कांद्याचे उदाहरण तर आपल्या दौंड तालुक्याच्या दारातले. केंद्राने 8 डिसेंबर 2023 पासून निर्यातबंदी केली आणि घाऊक भाव गडगडले. बंदी उठली ती 4 मे 2024 रोजी. तोवर माल धरून बसणाऱ्यांची तेजी संपली होती.

कारागीर बंधूंनी आणखी एक गोष्ट ध्यानात घ्यावी. दुसऱ्याची तेजी हा आपला खर्च असू शकतो. शेडचे काम जुन्या दराने ठरवले आणि पत्रा, अँगल महागले, तर बाजारात तेजी असूनही मजुरी सुटत नाही. म्हणून कोटेशनवर दर किती दिवस लागू राहील ते लिहावे आणि मालापुरती रक्कम आगाऊ घ्यावी.

पुढच्या वेळी कोणी ‘तेजी आहे’ म्हणाले, तर उधारीवर माल भरण्यापूर्वी एवढेच विचारावे : भावाची की कामाची? आणि पैसे रोख मिळत आहेत की वहीत?