दोन जोड्या, पण बिनधोक नाहीत

लास वेगास, 2003. पोकरच्या जागतिक मालिकेतल्या मुख्य स्पर्धेचा शेवटचा डाव. ख्रिस मनीमेकरकडे पंजी-चौकी, सॅमी फऱ्हाकडे गुलाम-दश्शी. टेबलावर गुलाम, पंजी, चौकी उघडली. मनीमेकरच्या दोन जोड्या झाल्या. हात भक्कम, पण नाजूक: उरलेल्या दोन गुलामांपैकी किंवा तीन दश्श्यांपैकी एक जरी पान आलं, तरी फऱ्हा पुढे जाणार होता. अशा वेळी पुढचं पान फुकटात दाखवणं महागात पडतं. मनीमेकरने फऱ्हाला आधी पैसे लावू दिले आणि मग रक्कम वाढवली. फऱ्हाने सगळ्या चिप्स पुढे सारल्या. मनीमेकरही मागे हटला नाही. आधी अठ्ठी आली, शेवटी पंजी. टेनेसीचा हा हिशोबनीस 25 लाख डॉलर जिंकला. शेवटच्या पंजीचं कौतुक खूप झालं, पण त्याचा खरा निर्णय तिच्याआधीच, आघाडीवर असताना झाला होता.