गौरवलेले चित्रपट आम्हाला दाखवा

७१व्या राष्ट्रीय चित्रपट पुरस्कारांची यादी १ ऑगस्ट २०२५ला जाहीर झाली, तेव्हा बेगम बाजारातल्या आमच्या दुकानात मी ती मोठ्याने वाचून दाखवली. सर्वोत्कृष्ट मराठी चित्रपट ‘श्यामची आई’. सर्वोत्कृष्ट बालचित्रपट ‘नाळ २’. पदार्पणातल्या दिग्दर्शकाचा पुरस्कार ‘आत्मपॅम्फ्लेट’च्या आशीष बेंडे यांना. बालकलाकारांत त्रिशा ठोसर, श्रीनिवास पोकळे, भार्गव जगताप आणि ‘जिप्सी’तला कबीर खंदारे. ऊर भरून यावा अशीच ही यादी. पण यातला एकही मराठी चित्रपट हैदराबादेत मला पडद्यावर पाहायला मिळालेला नव्हता, आणि पुरस्कारानंतरही मिळाला नाही. आमच्यासारख्यांनी नुसतं यादीवर समाधान मानायचं, हे मला पटत नाही.

तांब्या-पितळेच्या भांड्यांच्या एका घाऊक दुकानात मी हिशेब सांभाळतो. लग्नसराईत उदगीर, देगलूर, नांदेडची मंडळी हंडे-कळश्यांच्या खरेदीला येतात, दिवसभर बाजार पालथा घालतात आणि रात्रीच्या गाडीने परततात. १९५६पर्यंत मराठवाडा आणि हे शहर एकाच संस्थानाचा, मग एकाच राज्याचा भाग होते. राज्यं वेगळी झाली तरी व्यापाराची वाट मोडली नाही. त्यामुळे या गल्ल्यांत मराठी रोज कानावर पडते. भाव मराठीत होतो, हमालाला तेलुगूत हाक जाते, शेजारच्या सुकामेव्यावाल्याशी दखनीत गप्पा होतात. चित्रपटाच्या बाबतीत मात्र आमची देवाणघेवाण एकतर्फी झाली आहे. तेलुगू चित्रपट आम्ही सगळे पाहतो, मराठी चित्रपट आमचा शेजारी पाहूच शकत नाही.

त्याच यादीत कासर्ला श्याम यांना ‘बलगम’मधल्या गाण्यासाठी सर्वोत्कृष्ट गीतकाराचा पुरस्कार होता. वेणू येल्दंडी यांचा हा २०२३चा चित्रपट तेलंगणच्या खेड्यातला, तिथल्याच बोलीतला. घरातला म्हातारा जातो, दिवस घालायला सगळा गोतावळा जमतो, आणि पिंडाला कावळा शिवत नाही. जुन्या भांडणांची, मानपानाची एकेक गाठ सुटेपर्यंत कावळा लांबच राहतो. ज्या मराठी माणसाने नदीकाठी दहाव्याला कावळ्याची वाट पाहिली आहे, त्याला हे वेगळं समजवावं लागत नाही. या चित्रपटासाठी गावोगावी चौकात पडदे लागले, अख्खी गावं रस्त्यावर बसून रडली. मी तो तेलुगू शेजाऱ्यांबरोबर पाहिला. तुटलेले भाऊ शेवटी एकत्र येतात तेव्हा माझ्या शेजारी बसलेल्या बाईंनी पदराने डोळे पुसले, आणि मीही.

आता ‘नाळ २’. याचे दिग्दर्शक सुधाकर रेड्डी यक्कंटी. मातृभाषा तेलुगू, शिक्षण पुण्याच्या एफटीआयआयमधलं, ‘सैराट’चं छायाचित्रण त्यांचंच. पहिल्या ‘नाळ’साठी २०१९ साली त्यांना पदार्पणाचा राष्ट्रीय पुरस्कार मिळाला, आणि त्यात चैत्या झालेल्या श्रीनिवास पोकळेलाही. आपल्याला वाढवणारी आई ही जन्मदाती नव्हे, हे कळलेल्या विदर्भातल्या पोराची ती गोष्ट. दुसऱ्या भागात तोच चैत्या आपल्या रक्ताच्या माणसांकडे जातो आणि तिथे त्याला चिमुकली बहीण भेटते. एका तेलुगू माणसाने मराठी आईच्या मायेवर दोन चित्रपट केले आणि दोन्हींना देशाने मान दिला, याहून सुंदर गोष्ट या पुरस्कारांत मला दिसत नाही. दुकानात मी हे सांगितलं तेव्हा बिलं करणाऱ्या वरंगळच्या पोराने लगेच विचारलं, “काका, अपने रेड्डी साब का पिच्चर कां देखने मिलता?” त्याला सांगायला माझ्याकडे पत्ता नव्हता.

ही ये-जा नवी नाही. श्याम बेनेगल याच शहरात जन्मले. त्यांच्या ‘अंकुर’ने शबाना आझमींना राष्ट्रीय पुरस्कार दिला, आणि हंसा वाडकरांच्या आयुष्यावरच्या ‘भूमिका’ने स्मिता पाटीलला. हैदराबादचा दिग्दर्शक, मराठी तमाशापटातल्या नटीचं आयुष्य, हिंदी चित्रपट, आणि तो सगळ्या देशाने पाहिला.

राष्ट्रीय पुरस्कारांत इतर सोहळ्यांसारखी नामांकनं नसतात. पाच जणांची नावं घेऊन मग एकाचा लिफाफा फोडायचा, हा प्रकार इथे नाही. निर्माते प्रवेशिका पाठवतात, आधी प्रादेशिक समित्या चित्रपट पाहतात, मग मध्यवर्ती समिती. ७१व्या पुरस्कारांसाठी तिचे अध्यक्ष आशुतोष गोवारीकर होते. मला ही पद्धत आवडते, कारण इथे बंगाली, तेलुगू, मराठी, तमिळ चित्रपट एकाच देशाचे म्हणून एका खोलीत पाहिले जातात. पण ते भाग्य परीक्षकांपुरतंच का? सामान्य माणसाला ‘सर्वोत्कृष्ट तेलुगू’ आणि ‘सर्वोत्कृष्ट मराठी’ शेजारी-शेजारी पाहायला मिळाले तरच राष्ट्रीय या शब्दाला काही अर्थ राहतो.

त्यात उशिराची भर. २०१५च्या चित्रपटांचे पुरस्कार मार्च २०१६मध्ये जाहीर झाले. रिंकू राजगुरूचा विशेष उल्लेख झाला तेव्हा ‘सैराट’ यायला महिना होता आणि लोक वाट पाहत होते. आता पाहा. ‘नाळ २’ आणि ‘श्यामची आई’ आले २०२३च्या दिवाळीत, आणि राष्ट्रपती द्रौपदी मुर्मू यांच्या हस्ते पुरस्कार मिळाले २३ सप्टेंबर २०२५ला. विज्ञान भवनात साडी नेसलेली ‘नाळ २’मधली चिमुरडी त्रिशा पुरस्कार घ्यायला गेली ते दृश्य देशभर मोबाइलवर फिरलं. आमच्या दुकानातही सगळ्यांनी पाहिलं, कौतुक केलं. जिच्या कामाचं कौतुक चाललं होतं ते काम मात्र कोणीच पाहिलेलं नव्हतं. चित्रपटगृहातून ‘नाळ २’ केव्हाच उतरला होता.

मोबाइलवर सगळं मिळतं, असं पोरं म्हणतात. मिळत असेल. पण तेलुगू अक्षरांत सबटायटल नसतील तर वरंगळच्या पोराला विदर्भाची बोली कशी कळावी? आणि दिवसभर मालाची चढउतार करणारा हमाल कितव्या ॲपचे पैसे भरणार?

दूरदर्शनवर एके काळी रविवारी दुपारी प्रादेशिक चित्रपट सबटायटलसह लागायचे. बंगाली, मल्याळी, ओडिया चित्रपटांची माझी ओळख त्या दुपारांनी करून दिली. इंग्रजी अक्षरं भराभर वाचता यायची नाहीत, तरी माणसं कळायची. तो रविवार परत आणा. पुरस्कार सोहळ्यानंतर तीन महिन्यांच्या आत प्रत्येक भाषेतला विजेता चित्रपट देशातल्या मोठ्या शहरांत निदान आठवडाभर, त्या शहराच्या भाषेतल्या सबटायटलसह दाखवला गेला पाहिजे. त्याचा खर्च केंद्राच्या माहिती आणि प्रसारण मंत्रालयाने उचलावा. सर्वोत्कृष्ट मराठी चित्रपटाला रजत कमळ आणि २ लाख रुपये मिळतात. त्याच्या निर्मात्याला विचारा, पैशाइतकीच नव्या प्रेक्षकांची गर्दीही त्याला हवी असेल. महाराष्ट्र सरकारनेही राज्याबाहेरच्या मराठी माणसासाठी एवढं करावं.

सरकारची वाट पाहत बसायचीही गरज नाही. आमच्या हाकेच्या अंतरावर १९०७ साली सुरू झालेली विवेकवर्धिनी आहे, मराठी साहित्य परिषद आहे. या संस्थांना माझी विनंती आहे: निर्मात्यांकडून रीतसर परवानगी घ्या आणि एखाद्या रविवारी सकाळी ‘बलगम’, दुपारी ‘नाळ २’ असे दोन्ही चित्रपट सबटायटलसह दाखवा. निमंत्रण दोन्ही भाषांत छापा. बेगम बाजारातली तिकिटं खपवायची जबाबदारी माझी.