कोथिंबीर आणि खेड शिवापूर

आमची मोटार डिझेलची. तिच्या पोटात धुरातली काजळी अडवणारी एक गाळणी आहे. एप्रिल २०२० च्या भारत स्टेज ६ पासून नव्या डिझेल मोटारींत ती येतेच. साठलेली काजळी सुमारे ६०० अंशांवर जाळायची, तर गाडी मोकळ्या रस्त्यावर १५-२० मिनिटं सलग पळवायला हवी. आमची पळते घरापासून मंडईपर्यंत! मग दिवा लागतो आणि मी सातारा रस्ता धरतो.

"कोथिंबीर आणायला खेड शिवापूर?" सौ. विचारते. वर टोल आहेच.

मेकॅनिक म्हणाला, "काका, गाळणीच काढून टाकू. कटकट गेली!"

माझी कटकट जाईल हो, पण काजळी कुठे जाईल? शेजारच्या रिक्षातल्या शाळकरी पोरांच्या छातीत! मी साफ नाही म्हटलं.

गाळणीचं काही चुकलेलं नाही. चुकलो मी, मंडईसाठी डिझेल घेणारा, आणि "रोज किती चालवणार?" एवढंही न विचारता ती गळ्यात मारणारा विक्रेता. तेव्हा दोन किलोमीटरवाल्यांनो, डिझेलच्या वाटेला जाऊ नका. मंडईत चालत जा. माझा टोल तरी तुम्हाला पडणार नाही.