सामानाजवळ कोण बसणार?

काय दोस्तांनो, संपले का सहामाहीचे पेपर? कसे गेले ते मी विचारत नाही. तो प्रश्न आतापर्यंत घरीदारी दहा जणांनी विचारून झाला असेल! आता अंगणात किल्ला, कोपरापर्यंत चिखल आणि स्वयंपाकघरातून चकलीचा वास. चैन आहे बुवा तुमची!

दिवाळी संपली की आपल्या साताऱ्याच्या स्काऊट-गाईड पथकाची धांदल सुरू होते. दर वर्षी या पानावर मी हिवाळ्यातले कार्यक्रम सांगतो. यंदाही सांगणार आहे. पण त्याआधी एक गोष्ट ऐका. ती माझ्या चुकीची आहे. ज्याच्याबद्दल आहे त्याला विचारूनच लिहितोय. नाव मात्र छापायचं नाही, असं आमचं दोघांचं ठरलंय.

मागच्या वर्षी जूनमध्ये सातवीतला एक मुलगा आईबरोबर आमच्या मैदानावर आला. जन्मापासून त्याच्या पायांत बळ कमी. दोन्ही हातांत कुबड्या घेऊन चालतो. आई फाटकाशीच थांबली आणि हळूच म्हणाली, "सर, याला घ्याल का?"

"घ्याल का म्हणजे? घेतलाच!" मी म्हणालो. आणि तिथल्या तिथं त्याला मोठं पदही देऊन टाकलं. भांडारप्रमुख! दोऱ्या, काठ्या, तंबू, पातेली, सगळ्याचा हिशेब त्याच्याकडे. पोरांनी टाळ्या वाजवल्या. आई डोळे पुसत घरी गेली. मला वाटलं, केवढं चांगलं काम केलं आपण!

मग पावसाळा गेला, थंडी आली, आमच्या सहली सुरू झाल्या. पथकातला प्रत्येक जण सहलीची नोंदवही लिहितो, हे तुम्हांला ठाऊक आहेच. फेब्रुवारीत प्रथम सोपानच्या परीक्षेआधी मी सगळ्या वह्या तपासायला घेतल्या. कुणी ओढा ओलांडल्याचं लिहिलं होतं, कुणी सापाची कात सापडल्याचं, कुणी खिचडी करपल्याचं. मग भांडारप्रमुखांची वही हाती आली. त्यात लिहिलं होतं :

"सकाळी ८. पिशव्या १४, पाण्याच्या बाटल्या १६. सकाळी ९. सगळे गेले. सकाळी ११. एक कुत्रा आला. दुपारी १. सगळे आले. पिशव्या १४."

पान उलटलं. दुसरी सहल. पुन्हा पिशव्या, पुन्हा बाटल्या, पुन्हा "सगळे गेले" आणि "सगळे आले". तिसरी सहल, तसंच. चौथ्या सहलीच्या पानावर एवढाच फरक होता : "आज कुत्रा आला नाही."

दोस्तांनो, त्या वहीत एका अक्षराचीही तक्रार नव्हती. पण ती वाचून मला रात्री झोप लागली नाही. मी त्याला पथकात घेतलं होतं खरं, पण खेळात घेतलं नव्हतं. पदाचं नाव मोठं होतं आणि काम होतं सामानाजवळ बसायचं!

मला जास्त लाज वाटायचं कारण असं, की स्काऊटिंगचा इतिहास मुलांना शिकवतो तो मीच. १९०७ च्या ऑगस्टमध्ये इंग्लंडच्या ब्राऊनसी बेटावर बेडन-पॉवेल यांनी पहिलं शिबिर भरवलं. वीसेक मुलं होती. काही श्रीमंतांच्या बड्या शाळांतली, तर काही कष्टकऱ्यांच्या घरची. त्या काळी तिकडे ही मुलं एका पंगतीला बसत नसत. बेडन-पॉवेल यांनी त्यांचे चार संघ पाडले आणि प्रत्येक संघात दोन्ही प्रकारची मुलं मिसळून टाकली. आपल्या चळवळीची सुरुवातच मुळी अशी आहे.

पुढे १९०९ साली लंडनच्या क्रिस्टल पॅलेसला स्काऊटांचा मोठा मेळावा भरला. तिथे काही मुली आपल्या आपणच येऊन उभ्या राहिल्या. "आम्हीसुद्धा स्काऊट आहोत," म्हणाल्या. त्यांना आमंत्रण नव्हतं, पण त्या आल्या म्हणून १९१० साली गर्ल गाईडची चळवळ सुरू झाली.

आणि आपल्या देशात? १९०९ साली बंगळूरला कॅप्टन बेकर यांनी पहिलं पथक काढलं. त्यात कोण होतं माहीत आहे? युरोपियन आणि अँग्लो-इंडियन मुलं. तुमच्या-माझ्यासारख्यांना मज्जाव! आपली मुलं मैदानाच्या कुंपणाबाहेर. मग मद्रासेत ॲनी बेझंट यांनी आणि तेव्हाच्या अलाहाबादेत पंडित मदनमोहन मालवीय, हृदयनाथ कुंझरू, श्रीराम बाजपेयी यांनी भारतीय मुलांसाठी वेगळ्या संघटना उभ्या केल्या. स्वातंत्र्यानंतर, ७ नोव्हेंबर १९५० ला, सगळ्या एकत्र येऊन 'भारत स्काऊट्स आणि गाईड्स' झाली. पुढच्या वर्षी १५ ऑगस्टला मुलींची गाईड संघटनाही तीत आली.

म्हणजे बघा, कुंपणाबाहेर उभं राहणं काय असतं, हे आपल्या चळवळीला चांगलं ठाऊक आहे. आणि मी मात्र एका पोराला कुंपणाच्या आत घेऊन पुन्हा एका झाडाखाली बसवून ठेवला होता.

दुसऱ्या दिवशी संघनायकांची बैठक बोलावली. त्याची परवानगी घेऊन ती चार पानं वाचून दाखवली. कुणी काही बोलेना. मग कुणी म्हणालं, त्याला पाठीवर घेऊन चढू. कुणी म्हणालं, सहलीच बंद करू. शेवटी गाईडच्या पथकातली एक मुलगी म्हणाली, "काका, पण त्याला काय पाहिजे ते आपण विचारलंय का?"

नव्हतं विचारलं! वर्षभरात एकदाही नाही.

विचारलं तेव्हा साहेब म्हणाले, "मला माग काढायचाय. खडूच्या बाणांचा. आणि मला सगळ्या गाठी येतात." आम्ही दोरी दिली. रीफ नॉट, क्लोव्ह हिच, बोलाइन, एकामागून एक गाठी पडत गेल्या. कधी शिकलास म्हणून विचारलं, तर म्हणाला, "सामानाजवळ दोऱ्या असायच्या ना!"

मग शाळेच्या आवारातच मागाचा खेळ ठेवला. सरळ जायची खूण बाणाची, या वाटेनं जाऊ नका यासाठी फुली, आणि शेवटी वर्तुळात ठिपका, म्हणजे 'मी घरी गेलो'. तो दहा मिनिटांत शेवटच्या खुणेपाशी पोचला आणि रागानं लाल झाला. "मुद्दाम सोपं केलंत ना?" केलंच होतं! म्हणजे आमची दुसरी चूक. दया दाखवून खेळवलेलं कुणाला आवडतं? तुम्हांला आवडेल?

तेव्हा आम्ही खेळ अवघड ठेवला आणि नियम बदलला. पूर्वी संघाचा पहिला गडी पोचला की शिट्टी वाजायची. आता संघातला शेवटचा गडी पोचेल तीच संघाची वेळ. एवढ्या एका नियमानं काय झालं सांगू? जे पुढे पळायचे ते मागे वळून बघायला लागले. पळता पळता निम्म्या खुणा सुटायच्या, त्या आता सापडायला लागल्या. आणि ज्याची नजर सगळ्यांत तीक्ष्ण आहे तो बरोबर मधे आला.

सामानाजवळ कोण बसतं मग? पाळीनं सगळे. मागच्या खेपेला माझी पाळी होती. कुत्रा आला होता!

या जूनपासून गाईडच्या पथकात ऐकू न येणारी एक मुलगी आलीय. आम्ही शिट्टीबरोबर हाताच्या खुणा द्यायला लागलो. हाताच्या खुणा काही नव्या नाहीत, आपल्या अभ्यासक्रमातच आहेत. आळसानं आम्ही त्या सोडल्या होत्या. आता रांगेत सगळ्यांत आधी ती उभी असते. बाकीच्यांना कान असून उशीर होतो!

बरं, आता यंदाचे कार्यक्रम. वहीत टिपून घ्या.

पहिला, ७ नोव्हेंबरला स्थापना दिन. झेंडावंदन झाल्यावर किमचा खेळ. रुडयार्ड किपलिंगच्या 'किम' या कादंबरीतला मुलगा सिमल्याच्या एका दुकानात नजर आणि स्मरण तयार करायला शिकतो, त्यावरून हा खेळ आला. २४ वस्तू एक मिनिट बघायच्या, मग झाकायच्या आणि आठवून लिहायच्या. यंदा आम्ही त्या बघायच्याच नाहीत, चादरीखाली हात घालून चाचपायच्या. ज्यांना कमी दिसतं त्यांनी जरूर या. तुम्ही आम्हांला हरवणार, हे आधीच कबूल!

दुसरा, नोव्हेंबरच्या अखेरीस अजिंक्यतारा. पायवाटेनं नाही, गाडीरस्त्यानं, वाटेवर मागाच्या खुणा शोधत. वळणावळणावर थांबे आहेत. ज्याला पुढे चालवणार नाही तो मागून येणाऱ्या गाडीत बसेल, पण त्याच्या वाट्याच्या खुणा त्यानंच शोधायच्या. वर गेल्यावर यवतेश्वराचा डोंगर आणि पायथ्याचं सातारा शहर बघायचं. १७०८ साली छत्रपती शाहू महाराजांचा राज्याभिषेक झाला तो याच साताऱ्यात. त्याची गोष्ट वर बसून सांगीन. डबा, पाणी आणि टोपी आणायची. वेळ शेवटच्या गड्याची!

तिसरा, डिसेंबरात खरी कमाई. भाजी निवडून द्या, सायकली पुसा, झाडांना पाणी घाला आणि घामाचे चार पैसे मिळवा. यंदाच्या कमाईतून पथकाची गणवेशपेटी भरायची आहे. कारण ऐका. दिवाळीनंतर आपल्या भागात ऊसतोडणीच्या टोळ्या येतात. कारखान्याच्या बाजूला कोप्या पडतात. त्यांची काही मुलं हंगामापुरती इथल्या शाळेत बसतात. गणवेश नाही म्हणून ती मैदानाच्या कडेला उभी राहून बघतात. आता तसं नको. आधी खेळ, आधी स्कार्फ, गणवेश मागाहून. लहान झालेले गणवेश धुऊन, बटणं लावून पेटीत आणून टाका. कोणाचा कुणाला गेला, हे कुणी विचारायचं नाही.

चौथा, २२ फेब्रुवारीचा चिंतन दिन. बेडन-पॉवेल आणि त्यांच्या पत्नी ओलेव्ह या दोघांचा वाढदिवस एकाच तारखेला! त्या संध्याकाळी शेकोटी. प्रत्येकानं एक तरी गाणं किंवा नक्कल तयार ठेवायची. गाण्याच्या जोडीला हातांच्या खुणा आमची ती मैत्रीण शिकवणार आहे.

आता आई-बाबांनो, दोन शब्द तुमच्यासाठी. काही जण मला म्हणतात, "आमच्या मुलाला जमणार नाही हो, उगीच तुम्हांला त्रास." त्रास होतो, खोटं कशाला बोलू? दोन माणसं जास्त लागतात, वेळ जास्त लागतो. पण ती माणसं तुम्हीच व्हा ना! अजिंक्यताऱ्याच्या वळणांवर थांबायला मला सहा पालक हवे आहेत. आणि ज्यांची मुलं धडधाकट आहेत, त्यांनी "यांच्यामुळे आमची मुलं मागे पडतील" ही काळजी सोडा. थांबायला शिकलेलं मूल मागे पडत नाही.

राहता राहिला तुमचा गृहपाठ, दोस्तांनो. सुट्टी संपून शाळेत गेलात की पी.टी.च्या तासाला नीट बघा. बाकावर, पायरीवर, सगळ्यांच्या चपला राखत कोण बसलंय? त्याच्याजवळ जा. "बिचारा" म्हणू नका, खाऊही देऊ नका. फक्त विचारा, "तुला काय खेळायचंय?" मग जे उत्तर येईल त्यासाठी खेळाचा एखादा नियम बदलून बघा. काय बदललंत, कुठे फसलंत, कोण रागावलं, सगळं मला पत्रानं कळवा. पत्ता नेहमीचाच.

आणि हो, आमचे माजी भांडारप्रमुख आता संघनायक आहेत. हा मजकूर छापायला देण्याआधी त्यांना वाचून दाखवला. ऐकून म्हणाले, "काका, बाटल्या सोळा नव्हत्या, पंधरा होत्या." वही काढून बघितली. वहीत सोळाच आहेत!

भेटू पुढच्या आठवड्यात.

तुमचा,
स्काऊटर काका