कागदांतले पूर्वज

न्यायमूर्ती संदीप शिंदे यांच्या समितीने 2023 मध्ये मराठवाड्यातील निजामकालीन कुणबी नोंदींचा शोध सुरू केला, तेव्हापासून परभणीतील अनेक घरांत खापरपणजोबांचे नाव प्रमाणपत्रापुरते शोधले जाते. त्या नावामागचे आयुष्य मात्र बहुधा दप्तरातच राहते, असे संपादक मंडळास वाटते. 1948 पर्यंत निजामाच्या राज्यात असलेल्या या जिल्ह्याचे महसुली कागद प्रामुख्याने उर्दूत, घरगुती कागद अनेकदा मोडीत, म्हणजे जलद लेखनासाठी रूढ झालेल्या वळणदार लिपीत आढळतात, तर नाशिक-त्र्यंबकेश्वरच्या तीर्थोपाध्यायांकडील नामावळींत यात्रेकरूंच्या पिढ्या नोंदलेल्या असतात. वंशावळीत सुनांची माहेरे क्वचितच सापडतात (लेकींची नावे त्याहून विरळ), म्हणून प्रस्तुत अंकाने आजींच्या आठवणींना जमिनीच्या नोंदी असलेल्या खासरा पत्रकाइतकेच स्थान दिले आहे. वाचकांनी आपापल्या वंशावळी, त्यांतील रिकाम्या जागांसह, अवश्य कळवाव्यात.