आजोबांची पेढी, नातीची गादी

मिलान शहराच्या मध्यभागी, मुख्य चर्चला लागून, काचेचे उंच छत असलेली एक जुनी बाजारपेठ आहे. गॅलेरिया व्हित्तोरियो इमान्युएले हे तिचे नाव. या छताखाली १९१३ साली मारिओ प्रादा यांनी आपले बंधू मार्तिनो यांच्यासह चामड्याच्या वस्तूंची पेढी उघडली. प्रवासाच्या मोठ्या पेट्या, हातातील पिशव्या आणि श्रीमंतांच्या घरी शोभतील अशा चैनीच्या वस्तू तेथे मिळत. काही माल इंग्लंडहून येई. १९१९ मध्ये इटलीच्या राजघराण्याने या दुकानाला अधिकृत पुरवठादाराचा मान दिला. सॅव्हॉय राजघराण्याचे चिन्ह आणि गाठी मारलेला दोर दुकानाच्या नाममुद्रेत आला तो त्यामुळेच. इटलीतील राजेशाही १९४६ मध्ये संपली. ती मुद्रा मात्र आजही टिकून आहे.

मारिओ प्रादा व्यवहारचतुर होते, पण त्यांची एक समजूत पक्की होती. स्त्रियांनी धंद्यात लक्ष घालू नये, असे त्यांचे मत होते. आपल्यामागे मुलगा गादीवर बसेल, हे त्यांनी गृहीत धरले होते. त्या मुलाला व्यवसायाची आवड नव्हती. १९५८ मध्ये मारिओ निवर्तले, तेव्हा दुकान मिटवायचे की मुलीच्या हाती द्यायचे, एवढेच दोन मार्ग उरले. मुलगी लुईसा पुढे आली आणि सुमारे वीस वर्षे तिने पेढी सांभाळली. तिच्यानंतर १९७८ मध्ये सूत्रे आली ती तिच्या मुलीकडे, म्हणजे मिउच्चा प्रादा यांच्याकडे. ज्या घराच्या संस्थापकाला पेढीवर स्त्री नको होती, त्या घराची पेढी दोन पिढ्या स्त्रियांनीच राखली.

मिउच्चा यांना या वारशाची ओढ होती असेही नाही. त्यांनी राज्यशास्त्रात डॉक्टरेट मिळवली होती. मिलानच्या पिकोलो थिएटरमध्ये पाच वर्षे मूकाभिनयाचे शिक्षण घेतले होते. १९७० च्या दशकातील अस्वस्थ इटलीत त्या कम्युनिस्ट पक्षाच्या सभासद होत्या आणि स्त्रियांच्या हक्कांच्या चळवळीत वावरत होत्या. अशा तरुणीने श्रीमंतांसाठी पिशव्या विकाव्यात, याचा त्यांना स्वतःलाच संकोच वाटे. पुढे अनेक मुलाखतींतून त्यांनी तो मोकळेपणाने बोलूनही दाखवला. तरीही त्या दुकानात आल्या. वारसा काही वेळा आवडीने स्वीकारला जात नाही. तो अंगावर येऊन पडतो, आणि मग त्याची आवड लावून घ्यावी लागते.

जन्माने त्या बियांकी होत्या. प्रादा हे आईचे माहेर. मोठेपणी आईच्या अविवाहित बहिणीने त्यांना कायदेशीर दत्तक घेतले आणि प्रादा हे आडनाव त्यांच्या नावाशी जोडले गेले. पेढीचे नाव चालावे म्हणून दत्तक घेण्याची रीत आपल्याकडच्या व्यापारी घराण्यांना नवी नाही. येथे फरक इतकाच, की दत्तक गेली ती मुलगी.

याच सुमारास त्यांची गाठ पात्रित्सिओ बेर्तेली यांच्याशी पडली. तोस्काना प्रांतातील अरेत्झो येथे त्यांचा चामड्याच्या वस्तूंचा कारखाना होता. इंग्लंडहून माल मागवणे बंद करावे आणि आपला माल आपणच घडवावा, असा सल्ला त्यांनी दिला व तो मानला गेला. दोघांनी १९८७ मध्ये विवाह केला. कामाची वाटणी सुरुवातीपासून स्पष्ट होती. वस्तू कशी असावी हे मिउच्चा ठरवीत. ती कोठे घडवावी, कोठे विकावी आणि त्यासाठी पैसा कोठून आणावा, हे बेर्तेली पाहत. दोघांचे खटके उडत आणि ते लपूनही राहत नसत. पण वाटणीची रेषा कोणी पुसली नाही.

या घराण्याचे नशीब पालटले ते चामड्याने नव्हे, नायलॉनने. लष्करी आणि औद्योगिक वापरासाठी विणले जाणारे घट्ट, हलके, काळे नायलॉन मिउच्चा यांनी हाती घेतले आणि १९८४ मध्ये त्याची पाठीवरची पिशवी बाजारात आणली. वरवर पाहता हा वेडेपणा होता. जे कापड कोणी मौल्यवान मानत नाही, त्याला चामड्याच्या तोडीची किंमत कोण देणार? गिऱ्हाईक यायला काही वर्षे लागली. आले तेव्हा मात्र त्या काळ्या पिशवीने आणि तिच्यावरील छोट्या त्रिकोणी धातूच्या पट्टीने प्रादा हे नाव जगभर पोहोचवले. आजोबांच्या पेट्यांवर असे ती त्रिकोणी पट्टीच नातीने नव्या मालावर लावली होती. पुढे १९८८ मध्ये स्त्रियांचे तयार कपडे आले आणि १९९३ मध्ये ‘मिउ मिउ’ ही दुसरी नाममुद्रा सुरू झाली. प्राण्यांच्या फरचा वापर थांबवत असल्याचे कंपनीने २०१९ मध्ये जाहीर केले. चामडे मात्र आजही तिच्या व्यवसायाचा मोठा भाग आहे.

यशानंतर परीक्षा आली. १९९९ मध्ये कंपनीने खरेदीचा सपाटा लावला. जर्मनीच्या जिल सँडर, हेल्मुट लांग आणि इंग्लंडमधील चर्चेस या पादत्राणे बनवणाऱ्या जुन्या कंपनीत तिने हिस्सा घेतला, तर फेंडी या रोमच्या घराण्यात फ्रान्सच्या एलव्हीएमएच समूहाबरोबर भागीदारी केली. अंथरूण पाहून पाय पसरावेत, ही म्हण येथे विसरली गेली. कर्जाचा डोंगर उभा राहिला. भांडवली बाजारात समभाग विकून ते फेडण्याचा बेत होता. परंतु २००१ च्या सप्टेंबरमधील हल्ल्यानंतर बाजार कोसळला आणि समभागविक्री पुढे ढकलावी लागली. नंतरही हा बेत पुन्हा पुन्हा लांबला. अशा वेळी व्यापाऱ्यासमोर दोनच वाटा असतात. मूळ घर विकावे, किंवा हौसेने घेतलेले सोडून द्यावे. प्रादा घराण्याने दुसरी वाट धरली. फेंडीतील हिस्सा २००१ मध्येच एलव्हीएमएचला दिला, २००६ मध्ये जिल सँडर आणि हेल्मुट लांग विकल्या. त्याच वर्षी बांका इंतेसा या इटालियन बँकेने पाच टक्के हिस्सा १० कोटी युरोंना घेतला. अखेर जून २०११ मध्ये हाँगकाँगच्या बाजारात समभाग नोंदले गेले आणि त्या विक्रीतून २०० कोटी डॉलरांहून अधिक रक्कम उभी राहिली. एवढे होऊनही सुमारे ८० टक्के मालकी घराकडेच राहिली.

या आकड्याचे मोल शेजारच्या घरांकडे पाहिले म्हणजे कळते. गुच्ची कुटुंबाची भाऊबंदकी इतकी विकोपाला गेली, की १९९३ मध्ये कुटुंबाचा शेवटचा हिस्साही परक्या हाती गेला. फेंडी, बुल्गारी आणि लोरो पियाना ही नावे एकामागून एक फ्रेंच समूहाकडे गेली. व्हर्साची २०१८ मध्ये अमेरिकेकडे गेली. पाटीवर घराण्याचे नाव आणि तिजोरीची किल्ली दुसऱ्याकडे, अशी ही स्थिती. तिच्यात आर्थिक तोटा असतोच असे नाही. पण निर्णय आपला राहत नाही. डिसेंबर २०२५ मध्ये हीच व्हर्साची प्रादा समूहाने विकत घेऊन पुन्हा इटलीत आणली. करार १२५ कोटी युरोंचा होता. १९९९ ची आठवण ठेवूनच या खरेदीकडे पाहावे लागेल. ती पचते की जड जाते, हे पुढच्या काही वर्षांचे ताळेबंद सांगतील.

वारसाचा प्रश्न मिउच्चा यांनी वेळ असतानाच हाती घेतला. २०२० मध्ये त्यांनी बेल्जियमचे राफ सिमन्स यांना आपल्या बरोबरीने रचनेची जबाबदारी दिली. हाताखाली नव्हे, बरोबरीने. २०२३ च्या आरंभी पतिपत्नींनी मुख्य कार्यकारी पदे सोडली आणि त्या जागी अँड्रिया गुएर्रा हे बाहेरचे अनुभवी व्यवस्थापक आले. मुलगा लोरेंझो बेर्तेली एकेकाळी मोटार शर्यतींत रमला होता. २०१७ मध्ये तो कंपनीत आला, थेट गादीवर न बसता एकेक विभाग शिकू लागला. तो तयार होईपर्यंत घर बाहेरच्या कुशल माणसाने चालवावे, ही यामागील योजना आहे. मुलगा आहे म्हणून तो योग्य आहे, असे आजोबांप्रमाणे धरून चालण्याची चूक नातीने केली नाही.

या लोरेंझो यांच्याशी महाराष्ट्राचा संबंध अनपेक्षितपणे आला. जून २०२५ मध्ये मिलानच्या प्रदर्शनात प्रादाच्या पुरुष मॉडेलांनी कोल्हापुरी चपलांसारख्या चपला घातल्या होत्या, आणि कोल्हापूरचा उल्लेख कोठेही नव्हता. २०१९ मध्ये भौगोलिक मानांकन मिळालेल्या या कारागिरीचे श्रेय का दिले नाही, असा प्रश्न कोल्हापूरच्या कारागिरांपासून महाराष्ट्र चेंबरपर्यंत सर्वांनी विचारला. त्यावर प्रेरणा भारतीय कारागिरीची असल्याचे लोरेंझो यांनी लेखी मान्य केले. कंपनीची माणसे कोल्हापुरात आली, आणि वर्षअखेरीस महाराष्ट्र व कर्नाटकच्या चर्मोद्योग महामंडळांशी करार झाला. आपल्या आजोबांची त्रिकोणी पट्टी शंभर वर्षे जपणाऱ्या घराला दुसऱ्याच्या आजोबांच्या खुणेचा विसर पडावा, ही चूक लहान नव्हती. ती मान्य करून हिशेब सुरू झाला, हे योग्यच झाले. कारागिराच्या हाती किती पडते, यावर त्याची खरी किंमत ठरेल.

गॅलेरियातील ते पहिले दुकान आजही त्याच जागी उघडते. मारिओ यांचा हट्ट शेवटपर्यंत पाळला गेला असता, तर १९५८ नंतर त्या जागेवर कदाचित दुसरीच पाटी लागली असती. आपल्याकडेही अनेक घरांत मुलगी एम.कॉम. किंवा सी.ए. होते, वडिलांचे विवरणपत्र भरून देते, आणि पेढीचा विषय निघाला की मात्र पुतण्याचे किंवा जावयाचे नाव पुढे येते. वारस कोण, हे मृत्युपत्र लिहिताना ठरवण्यापेक्षा खतावणी कोणाला वाचता येते, हे पाहून आधीच ठरवलेले बरे.