भोपळ्याचे तारण

गेल्या उन्हाळ्यातली गोष्ट. नातू सव्वातीन वर्षांचा. मुलगी राहते त्या सोसायटीत पोहण्याचा तलाव आहे आणि संध्याकाळी पाच ते सहा ही वेळ लहान मुलांची. दोन्ही दंडांवर नारिंगी फुगे चढवले की हा गृहस्थ तलावाचा मालक होई. पाय मारी, पाणी उडवी आणि "आजोबा, बघा, मला पोहता येतं!" असे ओरडून सांगे. मी काठावरच्या खुर्चीतून मान डोलवी. त्या दिवशी तो खाऊसाठी बाहेर आला. फुगे काचतात म्हणून मीच ते काढून ठेवले आणि हातात सोललेले केळे दिले. टॉवेल काढायला पिशवीकडे वळलो. पुन्हा पाहिले तेव्हा केळे काठावर होते आणि नातू नव्हता.

आरडाओरडा नाही, पाणी उडल्याचा आवाज नाही. तो पाण्यात होता, अगदी काठाजवळ, उभाच्या उभा. तोंड वर, डोळे उघडे आणि डोक्यावर वीतभर पाणी. चष्म्यासकट उडी मारली आणि त्याला वर काढला. सगळे मिळून चार-पाच सेकंदांचे काम. तो खोकला, रडला आणि थोड्या वेळाने उरलेले केळे मागू लागला. मला मात्र रात्रभर झोप आली नाही.

त्याने काहीही वावगे केले नव्हते, हे त्या रात्री हळूहळू ध्यानात आले. आपण पाण्यात गेलो की तरंगतो, हा त्याचा रोजचा अनुभव होता. ते तरंगणे त्याचे नसून दंडावरच्या हवेचे आहे, हे त्याला कुणी सांगितले नव्हते, आणि सांगून कळावे असे ते वयही नव्हे. चूक होती ती हिशेब ठेवणाऱ्याची.

बँकेत उभे आयुष्य काढलेल्या माणसाला 'तारण' हा शब्द चावून चावून चोथा झालेला असतो. सोने तारण, माल तारण, जमीन तारण. पण हा शब्द 'तरणे' आणि 'तारणे' यांच्या कुळातला आहे, हे फाइलींच्या ढिगाऱ्यात कधी जाणवत नाही. आपल्या भाषेत कर्जसुद्धा 'बुडते', आणि वसूल न होणाऱ्या रकमेला आपण 'बुडीत' म्हणतो. नव्या अधिकाऱ्याला आम्ही पहिला धडा देत असू तो असा : कर्ज तारणाकडे बघून द्यायचे नसते, परतफेडीच्या कुवतीकडे बघून द्यायचे असते. तारण वेळप्रसंगासाठी. ते भरभक्कम आहे म्हणून कुवत तपासायची राहून जाते आणि नेमकी तीच खाती बुडतात. हा धडा मी कितीतरी पोरांना शिकवला, आणि नातवाच्या बाबतीत स्वतःच विसरलो. दोन फुगे तारण घेतले आणि निर्धास्त खुर्चीत बसलो.

आमच्या पिढीचे तारण म्हणजे भोपळा. सातारा जिल्ह्यातल्या आमच्या गावी मोटेची पायऱ्यांची विहीर होती. परीक्षा संपल्या की पोरांची वरात तिकडे निघे. वेलावरच वाळवलेला कडू भोपळा, आत बिया खुळखुळणारा आणि कुठे तडा न गेलेला, पाठीशी कमरेच्या जरा वर बांधायचा. ज्यांच्याकडे भोपळा नसे ते पांगाऱ्याचा हलका ओंडका नाही तर झाकण घट्ट बसवलेला रॉकेलचा रिकामा डबा बांधत. तंबोऱ्यासाठी मिरजेला जाणारा भोपळा आणि पोरांना तारणारा भोपळा ही एकाच कुळातली भावंडे. पाणी ओलांडण्यासाठी भोपळे किंवा ओंडके एकत्र बांधून केलेल्या साधनाला आपण 'सांगड' म्हणत आलो. आज आपण विचारांची आणि खर्चाची सांगड घालतो, तिच्या तळाशी नदी पार करणाऱ्या माणसाची ही धडपड आहे.

माझे काका पोहायला शिकवीत. त्यांची रीत ठरलेली. पहिले काही दिवस दोन भोपळे. मग एक. मग त्याहून लहान. भोपळा असो वा नसो, कमरेला दोर असेच आणि त्याचे टोक काकांच्या हातात, तेही ते स्वतः छातीभर पाण्यातल्या पायरीवर उभे असताना. एके दिवशी त्यांनी काही न सांगता भोपळा वरच्या पायरीवर ठेवून दिला. मी समोरच्या कपारीपर्यंत गेलो आणि मागे वळून पाहिले तेव्हा कळले. पुढच्या उन्हाळ्यात मी मुटके मारू लागलो. तेव्हा भोपळ्याची रीत माझ्या लेखी पोरखेळ होती. आता वाटते, तिच्यात मोठे शहाणपण होते. तारण पहिल्या दिवसापासून कमी करत न्यायचे असते, हे त्या शेतकरी माणसाला कुणी न शिकवता ठाऊक होते.

जुने ते सारे सोने, असे मात्र मी म्हणणार नाही. त्याच विहिरीवर 'ढकलून दिले की आपोआप येते' असे मानणारेही होते, आणि त्यांनी ढकललेली काही पोरे जन्मभर पाण्याला भ्याली. माझ्या बहिणीला कधी भोपळा बांधला गेला नाही. ती काठावर बसून आमचे कपडे सांभाळी. शिवाय आम्ही सहा-सात वर्षांचे होतो. आजचा प्रश्न दोन-तीन वर्षांच्या मुलांचा आहे, आणि तो निराळा आहे.

दंडावरच्या फुग्यांची जन्मकथाही एका घाबरलेल्या बापाचीच आहे. जर्मनीतल्या हॅम्बर्गचे बर्नहार्ड मार्कविट्झ यांची तीन वर्षांची मुलगी 1956 साली सोनमाशांच्या हौदात पडली आणि बुडता बुडता वाचली. त्या धक्क्यातून त्यांनी लहान मुलांसाठी तरंगण्याचे साधन शोधायचा ध्यास घेतला आणि दंडात अडकवायचे हवेचे फुगे तयार केले. 1964 पासून ते बाजारात आले आणि पुढे जगभर पसरले. त्यांच्यामुळे अगणित मुले पाण्याशी ओळख करून घेऊ शकली, हे कबूल केले पाहिजे. दोष साधनाचा नाही. एका कामासाठी केलेल्या साधनावर आपण दुसऱ्याच कामाचा भार टाकतो.

जरा यंत्रणा समजून घेऊ. माणसाच्या शरीराची घनता पाण्याच्या जवळपास असते. छातीत हवा भरलेली असली तर बहुतेक माणसे तरंगतात, पण पाण्याबाहेर राहतो तो भाग अगदी थोडा. लहान मुलाचे डोके अंगाच्या मानाने मोठे आणि जड. म्हणूनच पाण्याच्या बादलीत डोकावणारे मूल डोक्यावर पडते आणि त्याला स्वतःला बाहेर काढता येत नाही. पोहायचे म्हणजे अंग आडवे करायचे. दंडावरचे फुगे नेमके खांदे वर उचलतात. पाय खाली लोंबतात आणि मूल पाण्यात उभे राहून सायकल चालवल्यासारखे पाय हलवते. आपण त्याला पोहणे म्हणून टाळ्या वाजवतो. पण पोहता न येणारा माणूस बुडताना असाच उभा असतो. म्हणजे रोज अर्धा तास आपण मुलाकडून बुडण्याच्या पवित्र्याचा सराव करून घेतो आणि ते सुखाचे आहे असे त्याच्या मनावर ठसवतो. पाठीवरचा भोपळा अंगाचा मधला भाग उचलत असे. मूल आपसूक आडवे होई आणि हातही मोकळे राहत. आज पाठीवर बांधायचे फोमचे तुकडे मिळतात, एकेक काढून कमी करता येणारे. ते आमच्या भोपळ्याचे नातू. शिकवणाऱ्याचा हात जवळ असेल तर शिकण्यासाठी ते फुग्यांपेक्षा बरे.

बदकाच्या तोंडाची रबरी कडी मात्र निव्वळ खेळणे. मूल त्यातून निसटू शकते, किंवा कडीसकट उलटून त्याचे डोके खाली आणि पाय वर होऊ शकतात. अगदी तान्ह्या बाळांच्या गळ्यात अडकवायच्या कड्याही विकल्या जातात. विशेष गरजा असलेल्या बाळांसाठी त्या वापरू नयेत, असा इशारा अमेरिकेच्या अन्न व औषध प्रशासनाने 2022 मध्ये दिला. त्यात एका बाळाच्या मृत्यूचा उल्लेख होता. माझ्या मते कुठल्याच बाळाला त्यांची गरज नाही.

लाइफ जॅकेट ही आणखी वेगळी वस्तू. ते शिकण्यासाठी नसते, वाचण्यासाठी असते. मुलाच्या वजनाला बेतलेले, पट्टे आवळलेले जॅकेट होडीत चढण्यापूर्वी घालायचे असते. जानेवारी 2024 मध्ये बडोद्याच्या हरणी तलावात शाळेच्या सहलीची बोट उलटली आणि 12 विद्यार्थी व 2 शिक्षिका गेल्या. अनेक मुलांच्या अंगात जॅकेट नव्हते. आपला देश तलावाच्या काठावर, जिथे माणसाचा हात हवा, तिथे फुग्यावर विसंबतो आणि होडीत, जिथे जॅकेट हवे, तिथे देवावर.

बुडणारा माणूस हात हलवून 'वाचवा' म्हणून ओरडतो, हे सिनेमाने शिकवलेले. न्यूयॉर्कच्या समुद्रकिनाऱ्यावर जीवरक्षकाचे काम केलेले फ्रँक पिया यांनी बुडणाऱ्या माणसांचे चित्रीकरण करून त्यांचे निरीक्षण केले. त्यांना दिसले की बुडणे बहुधा मुकाट असते. श्वास घेण्याच्या धडपडीत आवाज काढायला उसंत नसते, आणि पाण्याच्या वर ही झुंज 20 ते 60 सेकंद टिकते. लहान मुलाची त्याहूनही कमी. मोबाइलवर आलेला एक संदेश वाचून उत्तर द्यायला किती वेळ लागतो, ते ज्याने त्याने घड्याळ लावून पाहावे.

ही तक्रार केवळ तलाव असलेल्या सोसायट्यांची नाही. जागतिक आरोग्य संघटनेच्या अंदाजानुसार 2023 मध्ये जगात सुमारे 3 लाख माणसे बुडून मेली, आणि त्यातली जवळजवळ एक चतुर्थांश पाच वर्षांखालची मुले होती. त्यांतली बहुतेक पोहायला गेलेली नव्हती. ती हौदात, नाल्यात, डबक्यात, घराजवळच्या पाण्यात पडलेली. आपल्याकडे 'मागेल त्याला शेततळे' योजना 2016 साली आली आणि गावोगाव पाणी साठले, हे चांगलेच झाले. पण प्लास्टिकच्या कागदाचा तो उतार इतका निसरडा असतो की पोहणारा गडीही वर येऊ शकत नाही. अशा तळ्याला कुंपण, काठावर पक्का बांधलेला गाठींचा दोर आणि पाण्यात सोडलेले दोन रिकामे, झाकणबंद कॅन, एवढे तर असलेच पाहिजे. शाखेत असताना विहिरींच्या कर्जाचे कागद मी तपासले. विहिरीला कठडा आहे का, असे विचारणारा रकाना त्या कागदांत मला कधी दिसला नाही.

शेजारच्या बांगलादेशाने या बाबतीत चांगला धडा घालून दिला आहे. तिथे गावच्या तळ्यातच बांबूची चौकट उभारून चार वर्षांपुढच्या मुलांना पोहायला आणि दुसऱ्याला वाचवायला शिकवतात. त्याहून लहान मुलांसाठी आया कामात असतात त्या वेळेपुरती गावात पाळणाघरे चालवतात. म्हणजे मोठ्यांना कौशल्य आणि लहानग्यांना राखण. या वाटणीतच सगळे शहाणपण आहे.

मग तीन वर्षांच्या मुलाला पाण्यात नेऊच नये काय? अवश्य न्यावे. पहिल्या वाढदिवसानंतर दिलेले पोहण्याचे शिक्षण बुडण्याचा धोका कमी करू शकते, असे अमेरिकेतली बालरोगतज्ज्ञांची संघटना सांगते. एक वर्षाखालच्या बाळांबाबत मात्र तसा पुरावा नाही, हेही तीच सांगते. पण मूल पाण्यात असेल तर मोठ्या माणसाने पाण्यातच असावे, हात लांबवला की मूल हाती लागेल इतके जवळ. हा नियम फुगे असोत वा नसोत. साधन वापरले तर ते दर आठवड्याला थोडे कमी व्हावे. रोज काही मिनिटे साधनाशिवाय, आपल्या तळहातावर, जावीत, म्हणजे पाणी खरोखर कसे असते ते मुलाला कळेल. पोहण्याआधी त्याला तीन गोष्टी याव्यात : उताणे तरंगणे, पाण्यात पडल्यावर वळून काठ धरणे आणि विचारल्याशिवाय पाण्यात न उतरणे. साधन अंगावरून काढले की त्याच क्षणी मूल पाण्यापासून दूर न्यावे. हा शेवटचा नियम मी पुस्तकातून घेतलेला नाही.

खुर्ची मी सोडली. साठी ओलांडल्यावर पोहण्याची चड्डी विकत घेताना दुकानातला पोरगा हसला, त्याला हसू दिले. आता संध्याकाळी पाचला मी कमरेभर पाण्यात उभा असतो. फुगे कपाटात गेले. सुरुवातीला नातू रडला, पाणी वाईट झाले म्हणाला. त्याच्या दृष्टीने ते खरेच होते, कारण आदल्या वर्षी त्याला उचलून धरणारे पाणी आता त्याला धरीत नव्हते. दोन महिने गेले. अजून त्याला 'मला पोहता येतं' असे म्हणताना ऐकलेले नाही. पाठीवर मात्र तो आठ-दहा आकडे मोजून होईपर्यंत तरंगतो. आणि पाण्यात पाय टाकण्यापूर्वी काठावर थांबतो, मी आत आहे की नाही ते पाहतो आणि म्हणतो, "आजोबा, धरा हं."

गेल्या वर्षीच्या त्या आत्मविश्वासापेक्षा मला हे 'धरा हं' जास्त मोलाचे वाटते. स्वतःची कुवत किती आणि तारण किती, हे त्याला कळू लागले आहे. कर्जदारांपैकी फार थोड्यांना ते शेवटपर्यंत कळले.